टॉवेलाखालचा भाव

१

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा टॉवेल काढून दोन हातांवर टाकतो आणि टॉवेलाखाली बोटं बोटांना धरतात. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच. हजार की दहा हजार, हे जनावराकडं बघूनच समजायचं. वर तोंडं ऊसतोडीच्या आणि पोरांच्या लग्नांच्या गप्पा मारत असतात, आणि खाली एखादी गाय हां हां म्हणता घर बदलते. शेजारी उभ्या असलेल्याला गाय दिसते, मालक दिसतो, भाव तेवढा दिसत नाही. शहरातली माणसं याला अडाणीपणा म्हणतात. म्हणोत बापडी. टॉवेलाखाली दिलेला शब्द फिरल्याचं बाजारात फारसं कुणाला आठवत नाही, आणि सह्या करून फिरवलेले शब्द गावोगाव सापडतील.

रविराज हा या बाजारातला तिशीतला दलाल. विद्या बापाकडून आलेली. आधी मालकाच्या हातात हात घालायचा, मग गिऱ्हाइकाच्या, आणि दोन्हींच्या मधला भाव काढून दोघांनाही खूश करून घरी पाठवायचं. त्याच्या हाताला गुण आहे, असं जुने व्यापारीही म्हणायचे.

त्या शनिवारी थंडी चांगलीच होती. नगरचे मोहियोद्दीनशेठ एका पहिलारू गायीपाशी उभे होते. त्यांचा हात रविराजला पाठ होता: जाड बोटं, मऊ तळवा, करंगळीशेजारी चांदीची अंगठी. टॉवेल पडला. शेठनी पंजा धरला, सोडला, मग दोन बोटं धरली. सात. म्हणजे सत्तर हजार. रविराज मान हलवणार तेवढ्यात आणखी एक बोट धरलं गेलं.

त्याची करंगळी. आणि ती शेठच्या बाजूनं नाही, आतल्या बाजूनं धरली गेली. जिथं त्याच्या स्वतःच्या पोटाशिवाय दुसरं काही नव्हतं. धरणारी बोटं बारीक होती. थंड नव्हती, गरमही नव्हती.

रविराजनं मालकाला आठ सांगितले. शेठनी सात मोजले. व्हायचा तो घोळ झाला.

"म्या सात धरलं हुतं," शेठ म्हणाले.

"आठ धरलं, शेठ. शेवटी एक बोट आलं."

"आज माजा हात बी वळखंना व्हय रं तुला?" ते रागावले नव्हते, म्हणूनच जास्त लागलं. शेवटी रविराजनं आपली दलाली सोडली, वर पदरचे घातले आणि सौदा निभावला. घरी जाताना त्यानं मोटारसायकल दोनदा थांबवून हात बघितला. हात होता तसाच होता.

२

रविराज जुगारी नव्हता. निदान तो स्वतः तसं शपथेवर सांगायचा. जुगारी म्हणजे ओढ्याकाठी पत्ते कुटणारे. मोबाईलवरचा खेळ हा डोक्याचा, आणि तो तर जबाबदारीनं खेळणारा माणूस. ॲपमध्ये मर्यादा घालून घ्यायची सोय होती: दिवसाला एवढेच पैसे, एवढाच वेळ. त्यानं ती पहिल्याच दिवशी घातली आणि चारचौघांना कौतुकानं दाखवली. मर्यादा संपली की पडद्यावर पाटी यायची, 'आज पुरे, विश्रांती घ्या,' आणि तो खरोखरच मोबाईल खिशात टाकायचा.

मग एकदा मर्यादा थोडी वाढवली, कारण गेलेले निघून आले की ती पुन्हा कमी करायचीच होती. मग आणखी थोडी. कुंपण आपल्याच हातानं उचलायचं, चार पावलं पुढं रोवायचं आणि म्हणायचं, बघा, मी कुंपणाच्या आतच आहे. बाजारात लोकांदेखत खेळायची लाज वाटायची, तर टॉवेल होताच. मांडीवर टॉवेल, टॉवेलाखाली मोबाईल, आणि वर तोंड उसाच्या तोडीबद्दल बोलतंय. कुणाला काही कळायचं नाही. सरकारनं पैशाचे खेळ बंद केले तेव्हा त्याच्या बायकोनं, धनश्रीनं, देवापुढं नारळ फोडला. दुसऱ्याच आठवड्यात त्याला कुणीतरी एक लिंक पाठवली. त्या खेळात मर्यादेची पाटी नव्हती.

रस्त्याकडेचा प्लॉट गेला, धनश्रीचे दागिने गेले, तेव्हा ते उघडकीला आलं. किती गेले, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, चार लाख. ती रडली नाही. तिनं सरकारी मदतीच्या नंबरावर स्वतः फोन लावला, तिथून केडगावच्या समुपदेशन केंद्राचा पत्ता घेतला, त्याचा मोबाईल आपल्या पिशवीत टाकला आणि सहा वर्षांच्या निकिताला घेऊन ती पुणतांब्याला माहेरी गेली.

"मी तुमाला सोडलं न्हाई," जाताना ती म्हणाली. "तुमी केडगावला जावा, बरं व्हा, मी येते. पन आजून काय लपवलं आसंल तर आत्ताच सांगा. मागून कळलं तर मी आन निकिता परत येनार न्हाई. हे मी रागानं बोलत न्हाई."

"एवढंच हाय," तो म्हणाला.

एवढंच नव्हतं. अकरा होते. वरचे सात लाख पतसंस्थेचे. नवा गोठा बांधायचा म्हणून काढलेले, आणि त्या कर्जाला जामीन होते धनश्रीचे वडील, आण्णा. गोठ्याच्या नावानं रानात चार खांब उभे होते. बाकीचा गोठा टॉवेलाखाली गेला होता.

३

घरात आता तो एकटाच. फ्रिज घुरघुरायचा, थांबायचा, आणि थांबला की घर फार मोठं वाटायचं. दाराच्या आड निकिताची तीन चाकी सायकल उभी होती. ती आता निकिताला लहान व्हायची, पण द्यायचीही नाही असा तिचा हट्ट होता.

एका दुपारी जेवून तो गोधडी घेऊन पडला. झोप लागत नव्हती. खेळ सोडल्यापासून दुपार त्याला खायला उठायची. अंगठा आपोआप हलायचा, नसलेल्या काचेवर. तो सायकलकडं बघत पडला होता. तेवढ्यात गोधडीखाली कुणीतरी त्याचा हात हातात घेतला.

ओढला नाही, आवळला नाही. घेतला. बाजारात चांगलं गिऱ्हाईक घेतं तसा, अदबीनं.

रविराज हलला नाही. भिऊन ओरडावं असं काही त्यात नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. ती बोटं त्याच्या बोटांवरून एकदा फिरली, कुठलं कोणतं ते बघून घेतल्यासारखी, आणि मग थांबली. घाई नसलेला व्यापारी असाच थांबतो. त्याला ठाऊक असतं की देणाराच आधी चुळबुळतो.

त्यानं गोधडी फेकली. स्वतःचा हात, चादर, चादरीवर चुरगळलेली घडी.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडं गेला. डॉक्टरांनी मान, खांदा, कोपर दाबून बघितलं, नस आखडली असेल म्हणाले, गोळ्या दिल्या आणि मोबाईल कमी वापरा असा सल्ला दिला. रविराजला हसू आलं. खिशात बटणांचा फोन होता. त्यावर वेळ बघण्यापलीकडं काही होत नव्हतं. नस असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. मन म्हणालं, बरं. पण त्या रात्रीपासून तो हात गोधडीच्या बाहेर ठेवून झोपू लागला, आणि थंडीनं बोटं काकडली तरी त्यानं ते बदललं नाही.

४

केडगावचं केंद्र पुणे रस्त्याला, एका शिवणकामाच्या दुकानाच्या वर होतं. खालच्या मशीनचा आवाज जिन्यातून वर यायचा. टेबलाच्या पलीकडं आलिया मॅडम बसायच्या. वयानं रविराजपेक्षा लहान, आवाज शांत, आणि समोरच्याला खोटं बोलायला भरपूर जागा देणारी सवय. त्या अडवायच्या नाहीत, वाट बघायच्या.

"ज्यांच्यासाठी सोडायचंय त्यांचा फोटो आणलात?" त्यांनी विचारलं.

रविराजनं निकिताचा शाळेचा फोटो टेबलावर ठेवला. उजवा हात मांडीवरच्या टॉवेलाखाली होता. ती सवयच.

मॅडमनी त्याच्या धंद्याबद्दल विचारलं. त्याला बरं वाटलं. बोटांचा भाव त्यानं रंगवून सांगितला. भाव पटला की घेणारा तळव्यावर तळवा ठेवून दाबतो, मग टॉवेल निघतो, आणि जनावराचं दावं दुसऱ्याच्या हातात जातं.

"आणि सौदा मोडायचा असेल तर?"

"टॉवेल निघाला की न्हाई मोडत. त्याच्या आत कुनी भाव तोंडानं बोलून टाकला, चारचौघात, तर मोडला. मंग त्यो सौदाच ऱ्हात न्हाई. पन तसं कुनी करत न्हाई. लई हलकं समजत्यात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "रविराजभाऊ, खेळावंसं वाटेल तेव्हा मनातल्या मनात झुंजू नका. मनात आपण नेहमी हरतो. समोर जो असेल त्याला मोठ्यानं सांगा. हलकं वाटलं तरी सांगा. तुमच्या भाषेत सांगायचं तर, भाव फोडा."

त्याच क्षणी टॉवेलाखाली हात आला.

समोर आलिया मॅडमचे दोन्ही हात टेबलावर होते. दार बंद होतं. खालचं मशीन चालू होतं. बोटांनी त्याचा पंजा धरला, सोडला. पुन्हा पंजा धरला, सोडला. मग एकच बोट धरलं, आणि धरून ठेवलं.

पाच, पाच आणि एक. जगात तो आकडा फक्त त्याला माहीत होता.

"आपण पुढं जायच्या आधी एकदा विचारते," मॅडम म्हणाल्या. "चार लाख. एवढंच ना? जास्त असले तरी इथं कुणी रागावणार नाही. अर्धं सांगितलेलं दुखणं अर्धंही बरं होत नाही, म्हणून विचारते."

रविराजनं फोटोकडं बघितलं. आण्णांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, गोठ्याचे चार खांब आले.

"एवढंच," तो म्हणाला.

टॉवेलाखाली अंगठ्यानं त्याच्या हाताच्या पाठीवर हळूच थोपटलं. शाबासकी दिल्यासारखं.

५

पुढच्या शनिवारी मोहियोद्दीनशेठनी त्याच्याकडून खोंड घ्यायचं ठरवलं होतं. रविराजनं टॉवेल टाकला. शेठनी हात घातला आणि लगेच बाहेर काढला. मग ते स्वतःच्या बोटांकडं बघत राहिले. बाजारात लोकांचा, जनावरांचा, टेम्पोंचा नुसता कालवा चालला होता.

"काय झालं, शेठ?"

"काय न्हाई." ते दुसरीकडं बघून बोलत होते. "तुज्या टॉवेलाखाली आदीच कुनीतरी हाय, बाबा. त्येचा सौदा पुरा कर. मंग आपला बघू."

"कुनाचा सौदा? हितं हाय कोन?"

"ते मला इचारू नगंस. चालत्या सौद्यात म्या हात घालत न्हाई. माज्या बापानं बी घातला न्हाई." आणि ते खरोखरच गेले. पंधरा वर्षांच्या ओळखीत त्यांनी रविराजला पाठ अशी कधी दाखवली नव्हती.

रविराज चहाच्या गाड्यापाशी बसला आणि डोकं चालवू लागला. डोकं त्याचं चांगलं चालायचं, त्यानंच तर घात केला होता. म्हातारा चेष्टा करत असेल. आपली बोटं थरथरत असतील, त्याला दोन हात वाटले असतील. खेळ सुटलेल्या माणसाला भास होतात, असं मॅडमही म्हणाल्या होत्या. की नव्हत्या म्हणाल्या? सगळं पटण्यासारखं होतं. मग एक साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली आणि हातातला चहा तसाच राहिला.

सौदा म्हटलं की समोर काहीतरी उभं असतं. जनावर नसताना भाव कोण करील? तो हात घरी आला तेव्हा आपण सायकलकडं बघत होतो. केडगावला टेबलावर फोटो होता.

त्यानं टॉवेल घडी करून मोटारसायकलच्या डिकीत कोंबला. नसेल तसं, तो स्वतःला म्हणाला. पण कोंबला.

६

रविवारी धनश्रीचा निरोप आला: या, बोलू. रविराज पहाटे न निघता ऊन वर आल्यावर निघाला. टॉवेल मुद्दाम घरी ठेवला. मोकळ्या खांद्यानं बाहेर पडताना त्याला उघडं पडल्यासारखं वाटत होतं, आणि थोडं हलकंही.

पुणतांब्याला नदीकडून वारा सुटला होता. आण्णांच्या नव्या घराच्या पडवीत ऊन आलं होतं. आण्णा खुर्चीत, रविराज कॉटवर, धनश्री उंबऱ्याशी भाजी निवडत. आण्णा मोजकं बोलणारे. त्यांनी प्रवासाची चौकशी केली, कांद्याचा भाव सांगितला आणि मग म्हणाले, "आलिया मॅडमशी बोलली धनश्री. तुमी जाताय म्हनल्या. बरं वाटलं. मानूस चुकतं. सांगितलं म्हंजी झालं."

"व्हय," रविराज म्हणाला.

"गोठ्याचं काम कुटवर आलं?"

"चाललंय, आण्णा."

धनश्रीनं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच थोडं हसली. म्हणाली, "निकिताची शाळा बुडतीया. उद्या सोमवारी येतो आमी." एवढंसंच वाक्य. त्याला तेवढंच हवं होतं. त्यासाठी तो काहीही करायला तयार होता, फक्त एक गोष्ट सोडून.

सासूबाई रंगुबाई चहा घेऊन आल्या. जावयाचे गारठलेले पाय बघून त्यांना कळवळा आला. "एवड्या वाऱ्यात गाडीवर आलासा," म्हणत त्यांनी खुंटीवरची शाल काढली आणि त्याच्या मांडीवर टाकली, चांगली कमरेपर्यंत. डाव्या हातात कपबशी होती. उजवा हात शालीखाली राहिला.

तेवढ्यात निकिता आतून धावत आली आणि त्याच्यापुढं उभी राहिली.

"बाबा, माजा दात बगा." तिनं तोंड मोठं उघडलं. पुढचे दुधाचे दात पडले होते आणि खालून दोन नवे वर आले होते. तिनं बोटानं ओठ खाली ओढून धरला, त्याला नीट दिसावं म्हणून. "आन फ्रॉक बगा. आजीनं घेतला." ती त्याच्यापुढं एकदा गोल फिरली, सावकाश, पुढून, बाजूनं, पाठीमागून, आणि पुन्हा समोर येऊन थांबली.

दोन दाती. बाजारात दातांवरून जनावराचं वय धरतात, आणि जनावर असंच फिरवून दाखवतात.

शालीखाली हात आला. पंजा. पंजा. एक बोट.

अकरा. गेलेले सगळे. पतसंस्था फिटणार, आण्णांना कधीच कळणार नाही, धनश्री सोमवारी घरी येणार. सगळं पुन्हा होतं तसं. त्या बोटांत एवढं सगळं होतं आणि ती शांतपणे वाट बघत होती. समोर निकिता जिभेनं नवे दात चाचपत उभी होती.

हात झटकायचा, हे त्याला कळत होतं. पण पहिला भाव आला की कोणताही दलाल नाही म्हणत नाही. पहिला भाव आला की दलाल वाढवून मागतो. बापानं शिकवलेलं, हजार सौद्यांत मुरलेलं. रविराज विचार करायच्या आधी त्याच्या बोटांनी त्या बारीक बोटांतलं आणखी एक धरलं होतं.

बारा.

समोरच्यानं घासाघीस केली नाही. क्षणभरसुद्धा नाही. मागितलेला भाव जो असा पहिल्या दमात देतो, त्याला जनावराची किंमत तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक असते. त्याच्या तळव्यावर एक तळवा आला आणि सपाट, घट्ट दाबला गेला.

आता फक्त शाल निघायची राहिली होती.

"बाबा, मला बी शालीत घ्या ना," निकिता म्हणाली आणि तिनं शालीचं टोक मुठीत धरलं.

७

"थांब," रविराज म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "निकिता, टोक सोड. वढू नगंस."

पोर दचकली. तिनं टोक सोडलं नाही, पण ओढलंही नाही. धनश्रीची भाजी हातातच राहिली.

"अकरा लाख गेल्यात," तो म्हणाला. "चार न्हाई. अकरा."

तळवा त्याच्या तळव्यावर तसाच होता. तेवढं पुरलं नव्हतं. भाव म्हणजे नुसता आकडा नव्हे, कशाचा ते सांगावं लागतं.

"आण्णा, गोठा न्हाई. चार खांब हायेत. तुमी जामीन ऱ्हायलात ते सात बी म्या त्यातच घातले. केडगावला बी खोटं बोललो." त्यानं निकिताकडं बघितलं. "आन आत्ता, हितं बसून, म्या भाव केला. गेलेलं परत मिळंल म्हनून. निकिताचा. अकरा देत हुते. म्या बारा मागितले."

शालीखाली दाबलेला तळवा सैल पडला, पण हात गेला नाही. शेवटच्या वाक्याचा अर्थ त्या पडवीत त्याच्याशिवाय कुणालाच लागणार नव्हता, आणि तरीही ते ऐकून रंगुबाईंनी पुढं होऊन नातीला उचललं. निकिताच्या मुठीतून शालीचं टोक अलगद सुटलं. त्या तिला घेऊन आत गेल्या. आण्णा खुर्चीतून उठले, वहाणा घातल्या, अंगणात गेले आणि नदीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ रविराजला दिसत होती. ती अचानक म्हाताऱ्या माणसाची पाठ झाली होती, आणि ते आपण केलं, हे त्याला लख्ख कळलं.

त्याला वाटलं, गेलं सगळं. सोमवार गेला, घर गेलं, माणसं गेली. हेच तर ती सांगून गेली होती.

धनश्री उठली. ती आत जाईल असं त्याला वाटलं. ती कॉटपाशी आली आणि त्याच्या शेजारी बसली, मध्ये अंतर ठेवून. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बारा कुनाला मागितले?" तिनं विचारलं.

त्यानं नुसतं शालीकडं बघितलं. त्याच्या डाव्या हातात अजून कपबशी होती.

धनश्रीनं शालीखाली हात घातला.

त्याचा हात धरायला घातला असावा. पण तिचा हात मध्येच थांबला. तिनं कपबशीतल्या डाव्या हाताकडं बघितलं, मग शालीकडं, मग पुन्हा कपबशीकडं. तिच्या मानेवरची शीर उडताना रविराजला दिसली. कुणीही ओरडलं असतं, हात काढून घेतला असता. रविराजनं तो काढू दिला असता, राग धरला नसता. तिनं काढला नाही.

"ह्यातला तुमचा कंचा?" तिनं अगदी हळू विचारलं.

"थरथरतोय त्यो," तो म्हणाला.

तिनं तो धरला. तिची बोटं भाजीच्या पाण्यानं ओली आणि गार होती, आणि तिनं तो इतका घट्ट धरला की त्याची हाडं दुखली.

"आता पयल्यापास्नं सांगा," ती म्हणाली. "आण्णांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगा. ह्ये जाईस्तवर सांगत ऱ्हावा."

रविराजनं कपबशी खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.